हरकतराव मी नव्हे

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. माझ्या नाकपुड्या तेवढ्या मोठ्या नाहीत. रागावल्यावर माणसाच्या नाकपुड्या थोड्याफार फुलतातच. ते शरीरशास्त्र आहे, त्यात माझं वैयक्तिक योगदान काही नाही. पण हल्ली जिन्यात भेटणारा प्रत्येक जण आधी माझ्या नाकाकडे बघतो, मग घाईघाईने पायऱ्यांकडे बघतो आणि खांदे गदगदा हलवत पुढे निघून जातो. सभ्य माणसाला धड संतापायचीही सोय उरलेली नाही.

या सगळ्याच्या मुळाशी आहे 'वरचा मजला' नावाचं एक कॉमिक. ते कुठल्या बड्या प्रकाशकाचं नाही. एकच बाई ते लिहिते, तीच चित्रं काढते, तीच छापून घेते, तीच पिना मारते आणि तीच पिशवीत घालून दुकानात आणून टाकते. गोष्ट साधी आहे. एका अवाढव्य इमारतीतली लिफ्ट बंद पडलेली असते आणि तिचं यंत्र असतं अगदी वरच्या मजल्यावर. लिफ्ट दुरुस्त करणारी एक बाई हत्यारांची पिशवी खांद्याला लावून जिन्याने वर निघते. एका अंकात एक मजला. प्रत्येक मजल्यावरची माणसं वेगळी, त्यांची भांडणं वेगळी. वर त्या यंत्राशिवाय आणखी काय आहे हे कोणालाच माहीत नाही. इमारत किती मजली आहे हेही माहीत नाही. एवढंच.

"भावोजी, या वयात चित्रांची पुस्तकं?" असं माझा मेहुणा मला दर भेटीत विचारतो. हा माणूस स्वतः तासन् तास फोनवर मांजरांचे व्हिडिओ बघतो. पण माझ्या हातात कॉमिक दिसलं की याचा चेहरा आजारी माणसाला भेटायला आल्यासारखा होतो.

मी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसतो. म्हणजे दिवसभर काचेच्या पलीकडून लोक माझ्यावर ओरडतात आणि मी म्हणतो, "आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे." उलट ओरडायची मला परवानगी नाही. तसं परिपत्रकच आहे. घरी ओरडावं तर बायको रेडिओचा आवाज वाढवते. या दुरुस्तीवालीवरही प्रत्येक मजल्यावर लोक खेकसतात, पण ती कोणाला भीक घालत नाही. पाना काढते, काम करते, वर जाते. मला ती बाई आवडते. यात लपवण्यासारखं काय आहे?

तर मुद्दा असा की या कॉमिकच्या मुखपृष्ठावर 'द्वैमासिक' असं स्वच्छ छापलेलं असतं. मराठीत द्वैमासिक म्हणजे दर दोन महिन्यांनी निघणारं. ही बाई मात्र तिला वाटेल तेव्हा अंक काढते. मी ऑफिस सुटल्यावर पुस्तकांच्या दुकानात जायचं, दुकानदाराने मला दारातूनच बघायचं आणि मान हलवायची, हा आमचा नित्यक्रम. पुढे पुढे तर तो मान हलवायचेही कष्ट घेईना. नुसत्या भुवया हलवायचा. गिऱ्हाइकाला भुवयांवर वाटेला लावणारा दुकानदार मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही. शिवाय अंक आलाच तर तो ठेवायचा परीक्षांच्या गाइडांखाली, तळाच्या फळीवर. तो काढायला मला उकिडवं बसावं लागतं आणि उठताना गाइडांचा आधार घ्यावा लागतो. त्यावर हा म्हणणार, "गाइडं चुरगळतात हो."

मी पत्रं लिहायला लागलो ती या परिस्थितीत. शेवटच्या पानावर पत्ता असतो आणि 'वाचकांनी कळवावे' असं आवाहन असतं. मी कळवलं. उशिराबद्दल कळवलंच, शिवाय चित्रांतल्या चुकाही कळवल्या. एका चौकटीत पाना डाव्या हातात, पुढच्याच चौकटीत उजव्या हातात. एका मजल्यावर दार आत उघडतं, तेच दार पान उलटल्यावर बाहेर उघडतं. या गोष्टी कोणीतरी सांगायला नकोत का? मी प्रत्येक अंकानंतर सविस्तर, मुद्देसूद पत्र पाठवत गेलो. आणि पुढच्या अंकात शेवटच्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत काय छापून यायचं?

'आपल्या पत्राची नोंद घेतली आहे.'

हे मला! हे वाक्य मी रोज किती जणांच्या तोंडावर फेकतो आणि फेकल्यावर त्या तक्रारीचं काय होतं, हे माझ्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत असणार? तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानंतरचं पत्र मी जरा कडक लिहिलं. मग अंक फारच लांबला, तेव्हा त्याहून कडक. त्यात 'बेजबाबदार' हा शब्द होता आणि त्याखाली रेघ होती. दोन रेघा होत्या.

पुढचा अंक आला आणि त्यात हरकतराव आले.

मी दुकानातच उकिडवा बसून वाचत होतो. दुरुस्तीवाली नव्या मजल्यावर पोचते, तर जिन्याच्या तोंडाशी एक गृहस्थ उभे. पँट पोटाच्या वर चढवलेली, स्वेटर पँटीत खोचलेला, चष्मा कपाळावर आणि तोंडाने चाललंय, "माझा चष्मा कोणी घेतला?" नाकपुड्यांबद्दल मी बोलणार नाही. तो इसम तिला म्हणतो, "थांबा. आपण उशिरा आलात. आणि मघाशी आपल्या डाव्या हातात असलेला पाना उजव्या हातात कसा आला, याचा आधी खुलासा करा." खाली नाव होतं, हरकतराव.

मी वर पाहिलं. दुकानदार माझ्याकडे बघत होता. मग त्याने अंकाकडे पाहिलं, मग माझ्या स्वेटरकडे. भुवयांवर भागवणारा तो माणूस त्या दिवशी पोट धरून हसला.

घरी गेल्यावर मी अंक बायकोसमोर आपटला. म्हटलं, "वाच. नवऱ्याची विटंबना वाच." ती वाचायला लागली. आधी ओठ दाबले, मग पदर तोंडाला लावला आणि मग सरळ खुर्चीत कोसळली. "अहो, स्वेटर! स्वेटरसुद्धा खोचलाय हो!" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एवढी ती आमच्या लग्नात सासरी येतानाही रडली नव्हती.

आमच्या इमारतीच्या सेक्रेटरीबाई काहीतरी सही मागायला आल्या होत्या. त्यांनी "बघू, बघू" करत अंक नेला. मग तो त्यांच्याकडून समोरच्यांकडे गेला, तिथून वर, वरून खाली. अख्ख्या इमारतीने तो वाचला. एकानेही विकत घेतला नाही, हेही इथे नमूद करतो. सगळ्यांनी माझाच अंक वाचला, त्यावर चहाचे डाग पाडले आणि वर मलाच हाका मारायला सुरुवात केली. "काय हरकतराव, फिरायला?" "हरकतराव, कचऱ्याची गाडी येऊन गेली का हो?" ऑफिसात कोणीतरी ते पान माझ्या खिडकीच्या काचेला बाहेरून चिकटवलं. पूर्वी लोक फक्त ओरडायचे. आता ओरडायच्या आधी चित्राशी ताडून बघतात आणि मग जास्त उत्साहाने ओरडतात.

तळमजल्यावर एक निवृत्त वकील राहतात. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी काही विचारलेलं नाही, त्यामुळे ते फाटकाशीच उभे असतात. त्यांनी मला आत ओढलं. "ही सरळसरळ बदनामी आहे. नोटीस धाडू. पूर्ण पानभर जाहीर माफी, ठळक अक्षरांत, अंकाच्या शेवटच्या पानावर."

मला ते पटलं. संतापलेल्या माणसाला वकील नेहमीच पटतो.

"फक्त एक बारीक अडचण आहे," वकीलसाहेब म्हणाले. "हरकतराव म्हणजे तुम्हीच, हे आधी सिद्ध करावं लागेल."

"म्हणजे?"

"म्हणजे साक्षीदार. तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या लोकांनी शपथेवर सांगायला हवं की हे चित्र हुबेहूब तुमचंच आहे. स्वभावासकट."

मला वाटलं, शपथपत्र म्हटल्यावर लोक कचरतील, टाळाटाळ करतील. कसलं काय! वकीलसाहेबांच्या हॉलमध्ये रांग लागली. सेक्रेटरीबाई पहिल्या. "पाण्याच्या टाकीच्या झाकणाबद्दल यांनी मला चार वेळा लेखी विचारलंय. घ्या लिहून." समोरचे म्हणाले, "दाराची बेल आम्ही किती सेकंद दाबतो, यावर यांचं भाषण असतं." मेहुणा तर शहराच्या दुसऱ्या टोकाहून रजा टाकून आला. रजा! बहिणीच्या आजारपणात याला रजा मिळाली नव्हती. "भावोजी हॉटेलात गेले की आधी ग्लास उजेडात धरून बघतात," असं त्याने शपथेवर सांगितलं, अगदी सविस्तर, ग्लास धरून दाखवून. मी म्हटलं, "एवढं पुरे." तर म्हणाला, "तुमच्याच बाजूने बोलतोय ना?"

शेवटी बायको आली. मला वाटलं, निदान ही तरी संयमाने बोलेल. ती म्हणाली, "मला आधी पाणी द्या, वेळ लागेल."

हा सगळा गठ्ठा घेऊन आम्ही नोटरीकडे गेलो. तिथला कारकून चष्म्यातून एकदा चित्राकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ओळखपत्राची गरज नाही." मी म्हटलं, "अहो, नियम आहे ना? गरज कशी नाही? बघून घ्या ओळखपत्र." त्याने वकीलसाहेबांना डोळा मारला आणि शिक्का उमटवला.

घरी येताना वकीलसाहेब फार खुशीत होते. "भक्कम! अहो, इतकी भक्कम केस माझ्या उभ्या हयातीत झाली नाही. हरकतराव म्हणजे तुम्हीच, यात ब्रह्मदेवालासुद्धा शंका येणार नाही."

"म्हणजे आपण जिंकणार?"

त्यांनी गठ्ठा काखेत सारला. "तसं नाही. आता समोरची बाजू एवढंच म्हणेल की चित्र खरं आहे. आणि खरं असेल तर बदनामी कसली? पुरावा तर आपणच जोडलाय."

मी रस्त्यातच उभा राहिलो. "मग नोटीस पाठवायचीच कशाला?"

"पाठवली की! परवाच, सगळ्यांच्या जबान्यांच्या प्रती जोडून. रजिस्टर पोस्टाने."

मी त्यांना काय बोललो ते इथे लिहीत नाही. वयाचा मान ठेवून जेवढं बोलता येतं, त्याच्या थोडं पुढे गेलो. त्या तिरमिरीतच पुस्तकांच्या दुकानात शिरलो. म्हटलं, निदान तिथे कोणाला तरी झाडावं. दुकानदाराने भुवया हलवल्या नाहीत. तोंडाने बोलला.

"पुढचा अंक शेवटचा. बाई सांगून गेल्या. बंद करतायत."

"का?"

"आता काय सांगू! काहीतरी त्रास झाला असेल. लोक पण कसले कसले असतात."

 सरळ सांगतो, त्या क्षणी मला हरकतरावांचं काही वाटलं नाही. वाटलं ते हे की ती दुरुस्तीवाली कुठल्यातरी मधल्याच मजल्यावर पिशवी घेऊन उभी राहील, वर काय आहे ते मला कधीच कळणार नाही आणि हे माझ्या नोटिशीमुळे होईल. एवढी वर्षं मी ऑफिस सुटल्यावर घराच्या आधी कुठे जात होतो, तर त्या तळाच्या फळीकडे. दुसरं कुठे जायला मला जागा नाही.

म्हणून धावलो पोस्टात. रजिस्टरची नोटीस परत मिळेल का विचारलं. काचेपलीकडचा माणूस म्हणाला, "टाकलेलं पत्र परत मागायचं तर पाठवणाऱ्याचा लेखी अर्ज लागेल. दोन प्रतींत."

"पाठवणारे वकील आहेत. पण नोटीस माझी आहे."

"मग त्यांना घेऊन या. हस्ताक्षराच्या नमुन्यासकट."

"अहो, तोपर्यंत ती पोचेल!"

"मग ती पोचलेली असेल," तो शांतपणे म्हणाला. मी काचेवर हात आपटला आणि सगळी रांग ऐकेल एवढ्या आवाजात ओरडलो की काचेमागे बसलं म्हणजे माणसाने माणुसकी सोडायची का? त्यावर तो काय म्हणाला असेल? तेच. नोंद घेतली आहे. फार सराईत माणूस होता.

आता एकच उपाय उरला होता. पोस्टमनच्या आधी आपणच पोचायचं. पत्ता मला तोंडपाठ होता. बस बदलत, चढाचा एक रस्ता चढत, दोन ठिकाणी चुकीची दारं वाजवत मी तिच्या घरी पोचलो. दार उघडलं ते माझ्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या वयाच्या बाईने. हातांना पांढरी भुकटी लागलेली. मागच्या फळीवर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले होते. एका दवाखान्यासाठी ती दिवसा दातांच्या कवळ्या बनवते आणि उरलेल्या वेळात कॉमिक काढते, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मात्र मला एकच दिसलं. टेबलावर नोटीस फोडून ठेवली होती. तिच्यावर शाईची बाटली ठेवलेली होती.

खरं तर मी नोटीस मागे घ्यायला आलो होतो. पण बाटलीचा तो गोल डाग बघितला आणि तोंडातून भलतंच निघालं. "कायदेशीर कागदावर शाई ठेवतात?"

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाली, "तुमचा चष्मा कपाळावर आहे."

"ठाऊक आहे मला!" मी ओरडलो. मला ठाऊक नव्हतं. "आणि तुम्ही माझ्या पाळतीवर होता! कुठून बघितलंत मला? ऑफिसात आलात? दुकानात लपलात? एखाद्याच्या नाकाचं चोरून चित्र काढायचं, याला काय म्हणतात?"

"मी तुम्हाला आज पहिल्यांदा बघतेय," ती म्हणाली. "पत्रांवरून काढलं. असं लिहिणारा माणूस कसा दिसत असेल, एवढाच विचार केला."

मी खाली बसलो. कोणी बसायला सांगितलं नव्हतं. तिथे स्टूल होतं म्हणून बसलो. बसल्यावर काय बोलावं ते सुचेना, म्हणून पुन्हा चिडलो. "मग बंद का करताय? नोटीस आली म्हणून? माझ्यावर खापर फोडायला?"

"नोटीस आज आली. बंद करायचं मी आधीच ठरवलंय. ती वर पोचली, गोष्ट संपली." ती हात पुसत म्हणाली. "तुमची माफी मी छापीन. पत्र लिहिणारा वाचक मला एकच होता, त्याला दुखवायचं नव्हतं. फक्त एक घोटाळा आहे. कागद दुमडून पिना मारायच्या अंकाची पानं चार-चारने वाढतात. एकच जास्तीचं पान घालता येत नाही आणि चार पानं वाढवणं मला झेपणार नाही. तुमच्या वकिलांना माफी पूर्ण पानभर हवीय, शेवटच्या पानावर. म्हणजे ती वर पोचते ते पान काढावं लागेल. तुम्हीच ठरवा. हे बघा, ते पान हे..."

"दाखवू नका!"

मी इतक्या जोरात ओरडलो की फळीवरचा एक जबडा खाली पडला. मी डोळे घट्ट मिटले, वर तळहात दाबले आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. "अक्कल आहे का तुम्हाला? शेवटचं पान असं दाखवतात? एवढे मजले मी तिच्याबरोबर चढलोय! अंक येईल तेव्हा दुकानात बसून बघणार, त्या गाइडांखालून काढून! झाका ते आधी!"

कागद सरकल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "न बघताच ठरवणार?"

"ठरवायचंय काय त्यात? पान छापा! माफी घाला चुलीत! आणि हरकतरावाचं जे करायचं ते करा, तोही तिथेच कुठेतरी चढत असेल धापा टाकत. पण पान छापा. आणि वेळेवर छापा! द्वैमासिक म्हणजे काय, कळतं का तुम्हाला?"

 मग खुर्ची ओढल्याचा आवाज झाला आणि मागून पेन्सिलची खसखस ऐकू आली.

"काय चाललंय? झाकलंत का ते?"

"झाकलं," ती म्हणाली. आवाज थोडा वेगळा येत होता. "एवढं मात्र मला पत्रांवरून सुचलं नव्हतं. जरा असेच उभे राहता का?"

माझं चित्र काढत होती. माझ्याच तोंडावर, माझी परवानगी न घेता, मी भिंतीकडे तोंड करून डोळ्यांवर हात दाबून उभा असताना. संतापाने माझे कान तापले. यावर हरकत घ्यायला माझ्याजवळ एकापेक्षा एक मुद्दे तयार होते. मी एकही बोललो नाही आणि तिचं होईपर्यंत हललो नाही.